आधी खिचडी, मग सुई

फोन रेखाचा होता. मी वर्गात चौथीच्या वह्या तपासत बसले होते. "बाई, जिजी गयी," एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसतं रडणं. सिंधूजिजी, इथे गुजरातेत, नवागामातल्या आमच्या खानदेशी गल्लीची थोरली बहीण. सकाळी ओटा झाडताना तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी भरपूर रडले. मग डोळे पुसले तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की श्रावणातली कानबाई महिन्यावर आलीय, आता तिच्या दुसऱ्या दिवशीच्या, सोमवारच्या रक्तदानाचं काय? कुणाला हे कोरडं वाटेल. वाटू दे. जिजीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, शाबास मास्तरीण, तुला उशिरा का होईना अक्कल आली.

मी अकोल्याची, माझी अहिराणी कच्ची, आणि ती त्यावरून मला कायम छळायची. तिचे यजमान पावरलूमवर, ती घरी साड्यांना लेस लावायची. बोलणं फटकळ, हात मात्र सढळ. रेखा तिची शेजारीण. काही वर्षांपूर्वी रेखाच्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा आमच्या भागातल्या छोट्या दवाखान्यात रक्ताची धावाधाव झाली. गल्लीतले धट्टेकट्टे पुरुष दाराबाहेर उभे, आणि प्रत्येकाचं एकच, रक्त दिलं तर लूमवर उभं कसं राहायचं? जिजीनं त्यांच्याकडे एकवार पाहिलं, पदर खोचला आणि स्वतः आत गेली. तिच्यामागून मी गेले, कारण ती गेल्यावर बाहेर थांबायची लाज वाटली. रेखा वाचली. बाहेर आल्यावर जिजी म्हणाली, "पुढच्या येळेले आसं धावनं नको. आधीच तयारी पाहिजे."

आणि तयारीसाठी तिनं निवडली ती कानबाई! श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते, सगळे भाऊबंद एका छताखाली गोळा होतात. आमच्या गल्लीची कानबाई जिजीच्याच घरी. एवढ्या बाया एरवी कुठे एकत्र मिळणार? तिनं दवाखान्याच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना कानबाई बसते त्या रविवारीच बोलावलं. सिस्टरनी अंगातलं रक्त कमी होणं म्हणजे काय, छातीत गाठ लागली तर लपवायची का नाही, हे सगळं स्वच्छ सांगितलं. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, देवीसमोर हे काय बोलणं म्हणून. पण बाया कान देऊन ऐकत होत्या. मग समाजाच्या हॉलमध्ये रक्त द्यायला रांग लागली आणि पहिलीच बाई खुर्चीतून उठताना भोवळ येऊन पडली. विचारलं तर कळलं, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. कानबाईचा उपास! संध्याकाळी नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी प्रसादाचा रोट तोडणार नव्हतं, आणि हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टर गुजराती, त्यांनी कपाळाला हात लावला. "भूख्या पेटे लोही न लेवाय, बेन," उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, म्हणाले आणि सामान आवरलं. गल्लीत मग काय, देवी कोपली, रक्त काढलं म्हणून बाई पडली... चार महिने तेच पुराण.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. जिजी घरोघर फिरली. पडलेल्या बाईला बरोबर घेऊन फिरली, हे तिचं डोकं. "हाई देख, उभी शे ना? उपासमुये पडनी, रक्तमुये नही." पुढच्या वर्षी शिबिर रविवारचं सोमवारवर गेलं, कानबाईच्या विसर्जनानंतर. आणि हॉलच्या दारात तिनं स्वतः खिचडीचं पातेलं मांडलं. रोट भाऊबंदांपुरता असतो, तो बाहेरच्याला चालत नाही. खिचडीला कुणाची हरकत? हातात पळी घेऊन ती दारातच उभी. डॉक्टर असो नाहीतर लूमचा कारागीर, प्रत्येकाला एकच प्रश्न, "जेवनी का व?", "जेवना का रे?" खोटं बोललं की तिला चेहऱ्यावरून कळायचं. खाल्ल्याशिवाय ती कुणाला आत सोडायची नाही. कमी रक्ताच्या बाया परत पाठवल्या गेल्या की त्यांना बाजूला बसवून सिस्टरशी गाठ घालून द्यायची. हळूहळू पुरुषही आले. ज्यांनी तेव्हा पाय मागे घेतले होते तेही आले, आणि जिजीनं त्यांना टोमणा मारला नाही. फक्त खिचडी जरा जास्त वाढली.

यंदा तिच्या घरी दुखवटा, म्हणून कानबाई बसणार नव्हती. गल्लीतल्या थोरांनी बैठकीत सांगून टाकलं, कानबाई नाही तर शिबिर नाही, पुढच्या वर्षी बघू. मी तोंड उघडणार तोच रेखा उठली. आयुष्यात चारचौघांत न बोललेली बाई. "कानबाई नका बसाडू," ती म्हणाली, "पन दवाखानाले काय सुतक ऱ्हास? मी पडेल व्हतू तवय कोनी पंचांग पाह्यं व्हतं?" जिजीचे यजमान मान खाली घालून बसले होते. ते उठले, घरात गेले आणि पातेलं बाहेर आणून रेखाच्या पुढ्यात ठेवलं.

सोमवारी मी हॉलवर जरा लवकरच गेले. जिजी दारात नसणार, हे ठाऊकच होतं. वाटलं होतं, दहा-वीस माणसं आली तरी पुष्कळ... पण रांग गल्लीच्या वळणापर्यंत होती. दारात तेच पातेलं, एका बाजूला पोचा आलेलं, आणि त्यामागे पळी घेऊन रेखा. मी तिला चुकवून आत शिरत होते. सकाळपासून नुसत्या चहावर होते. तिनं पळी आडवी धरली.

"जेवनी का व, मास्तरीण?"

मी हो म्हणाले. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, ताटली भरली आणि माझ्या हातात दिली. मग मी तिथेच पायरीवर बसले आणि रडत रडत सगळी खिचडी खाल्ली.