कारण दुरुस्त झाल्यावर

एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक मला नोकरी लागेपर्यंत कधी पटकन कळला नव्हता. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण शाळा इंग्रजी माध्यमाची आणि आकडे कायम इंग्रजीत. त्यामुळे पनवेलजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. ड्रायव्हरने सांगितलेला एकोणसाठ मी एकोणसत्तर म्हणून टाइप केला आणि गेटपास चुकीचा निघाला.

गेटपासचं काम बघणारा क्लार्क माझ्या समोरच बसायचा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, आता ह्या ड्रायव्हरलाच फिफ्टी नाइन शिकवतो. त्याचीच चूक आहे, जसईसारख्या खेड्यात जन्माला आला."

सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मी ऑफिसात मराठीत मोजकंच बोलायचं ठरवलं. लिहायचं तर शक्यतो नाहीच.

ऑफिसच्या मागच्या बाजूला काचेची एक छोटी खोली होती. तिच्यात सर्व्हर होता, आणि त्याच्यासाठी अख्ख्या ऑफिसातला एकुलता एक एसी. न्हावा शेवा बंदरातून आलेला कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवलाय हे त्या एका पेटीत होतं. रोज सकाळी सात वाजता ती चालू करायचं काम काकांचं होतं.

काका उरणकडच्या एका गावातले. त्यांचं शेत आणि मिठागर बंदराच्या कामात गेलं होतं, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली होती. काही वर्षं त्यांनी गेटवर उभ्याने काढली. गुडघे कामातून गेले, तेव्हा अर्ज-विनंत्या करून त्यांना ह्या खोलीतली बसायची ड्यूटी मिळाली. ते मला 'बाय' म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. मी एकोणऐंशीला अडखळले की ते फक्त माझ्या ऐकण्यापुरतं "सत्तर आन नऊ" असं पुटपुटायचे.

सर्व्हरसोबत इंग्रजीत एक जाड पुस्तक आलं होतं. ते वाचायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. त्यात लिहिलं होतं की यंत्राच्या आत एक कायमचा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. आतल्या एखाद्या भागात बिघाड दिसला की तो त्याची नोंद लॉग नावाच्या यादीत करतो आणि पुढच्या बाजूचा नारंगी दिवा लावतो. दिव्याशेजारी बोटभर पडदा आणि तीन बटणं होती. बटणं दाबून लॉग वाचता यायचा आणि पुसताही यायचा. लॉग पुसला की दिवा जायचा.

यार्डाचे साहेब म्हणाले, "हे मराठीत लिहून भिंतीवर लाव. सकाळी तू नसतेस, काकांना कळायला हवं."

पुस्तकातलं वाक्य साधं होतं. आधी बिघाडाचं कारण दूर करा, मग लॉग पुसा. मी लिहिलं, 'नारंगी दिवा लागला तर कारण दुरुस्त झाल्यावर लॉग साफ करावा.' परत वाचलं. 'कारण दुरुस्त झाल्यावर.' ते वाक्य 'कारण' शब्दापाशी अडकल्यासारखं वाटलं, मी काहीतरी 'बिकॉज' म्हणून सांगायला निघाले आणि मध्येच विसरले असं. कारण कधी दुरुस्त होतं का? समोर क्लार्क पेन्सिलीला टोक करत बसला होता. हा कागद तो मोठ्याने वाचणार हे मला दिसलं. मी ते तीन शब्द गाळले आणि कागद पुन्हा स्वच्छ लिहून काढला.

'नारंगी दिवा लागला तर लॉग साफ करावा.' खाली कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते. मला स्वतःला ते फार सुटसुटीत वाटलं. कागद वाचून क्लार्क न हसता परत आपल्या पेन्सिलीकडे वळला, याचा मला आनंद झाला.

पुढचे दोन-अडीच महिने मी कधीही गेले तरी सर्व्हरचा फक्त हिरवा दिवा दिसायचा. यंत्र चांगलं आहे असं मी समजत होते. साहेबांनाही तसंच सांगितलं होतं.

मग एका सोमवारी मी नऊ वाजता पोहोचले तेव्हा ट्रकची रांग गेटबाहेर कळंबोलीच्या रस्त्यापर्यंत गेली होती. सर्व्हर बंद पडला होता. पुन्हा चालू केला की दहा मिनिटांत परत बंद. क्लार्क हाताने गेटपास लिहीत होता, पण कंटेनर यार्डात कुठे आहे ते कोणालाच माहीत नसल्याने प्रत्येक पाससोबत एक माणूस शोधायला पळत होता.

मुंबईहून इंजिनियर आला तोवर दुपार झाली होती. त्याने सगळ्यात आधी बोटभर पडद्यावर लॉग उघडला.

"हा कोरा कसा?" तो म्हणाला. "एवढा मार खाल्लेलं मशीन, आणि एकही नोंद नाही?"

"रोज पुसतंय ना मी," काका म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. "सकाली चालू केला का दिवा लागतो. मी लगेच पुसतंय. एक दिवस चुकवला नाय."

इंजिनियरने कपाळाला हात लावला. मेमरीच्या आठ पट्ट्यांपैकी एक खराब होत आली होती. फर्मवेअर रोज सकाळी तिचा नंबर लिहून ठेवत होतं आणि रोज सकाळी तो पुसला जात होता. नंबर असता तर पाच मिनिटांत पट्टी बदलली असती. आता एकेक काढून तपासायची होती.

साहेब काकांकडे वळले. "तुम्हाला पुसायला सांगितलं कोणी?"

"कागदावं लिवलंय."

"कागद कोणाचा?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "म्हाईत नाय, साहेब. लावलेला व्हता."

माझं नोकरीत पक्कं होणं त्या महिनाअखेरीवर होतं, हे त्यांना माहीत होतं. साहेबांनाही कागद कोणी लिहिला ते आठवायला हवं होतं, पण बाहेरचे हॉर्न थांबत नव्हते आणि ते संतापले होते. ते म्हणाले, "काका, उद्यापासून तुम्ही परत गेटवर."

काका "बरा" म्हणाले आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. उठताना त्यांना नेहमी वेळ लागायचा. त्या वेळात मी म्हणाले, "कागद माझा आहे, सर."

इतक्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच बोलत होते आणि ते मराठीत होतं.

"पुस्तकात आधी बिघाड काढा असं होतं. मी ते गाळलं."

"का?"

"मला ते मराठीत चुकीचं वाटलं. कारण दुरुस्त झाल्यावर, असं लिहिलं होतं."

कोणी हसलं नाही. क्लार्कने पास लिहिता लिहिता मान वर केली. "चूक नव्हतं की ते, मॅडम," तो म्हणाला. "जरा येडं वाटतंय, पण कळलं असतं."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सहावी पट्टी खराब निघाली. माझं पक्कं होणं तीन महिने पुढे गेलं. काका खोलीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. "काका, कसं लिहू? तुम्हाला वाचायचंय."

त्यांनी विचार केला. "त्याचा काय दुखतंय त्या सांगतंय ना दिवा? मंग दुखना लिवून ठेवायचा. पुसायचा कशाला?"

मी लिहिलं, 'दिवा लागला तर दुखणं लिहून ठेवा. पुसू नका.' क्लार्कने मोठ्याने वाचलं, "सर्व्हरचं दुखणं!" आणि पोटभर हसला. मी कागद चिकटवला.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी आले तर नारंगी दिवा लागलेला होता. काकांनी माझ्या टेबलावर एका गेटपासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून चित्रासारखी उतरवून ठेवली होती. एक अक्षर उलटं होतं, तरी फॅन, म्हणजे आतला पंखा बिघडलाय, एवढं मला वाचता आलं.

"दिवा हाय तसाच ठेवलाय, बाय," ते खोलीतून म्हणाले. "आता तू बघ."