प्रश्न बाईला विचारलाय

लोझिना म्बेवेला नातेवाइकांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात, तातडीच्या विभागाच्या दाराशी तिने नर्स म्हणून एकोणीस वर्षं काढली होती. स्ट्रेचरमागून आत येणारी माणसं तिच्या लेखी दोनच जातींची: लांबण लावणारी आणि खोटं बोलणारी.

तिला हवं असे ते दोन मिनिटांचं काम. काय झालं, केव्हापासून, काय घेतलं, आधीचं दुखणं कोणतं, शेवटचं कधी खाल्लं. पण पोट फुगलेल्या माणसाचा भाऊ सुरुवात करी ती मामाच्या लग्नापासून. "लग्नात काय जेवला तेवढं सांग," ती म्हणे. "नवरी कशी दिसत होती ते घरी जाऊन बायकोला सांग."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ओकून ओकून अर्धमेली झालेली एक तरुण बाई आली होती. नवरा म्हणाला, शिळी मासळी बाधली. लोझिनाने 'मासळी' लिहून घेतलं. खरं तर मूल राहावं म्हणून सासूने कसलीशी मुळी उकळून पाजली होती. बाई दुपारपर्यंत गेली. त्या एका शब्दासाठी लोझिनाने स्वतःलाही कधी माफ केलं नाही, आणि नवऱ्यांवर विश्वास ठेवणं तर सोडूनच दिलं.

ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या सकाळी पाद्री यिरेमिया काचिंग्वे आपल्या पांढऱ्या गाडीतून आले. एवढ्या उकाड्यात कोटाची सगळी बटणं लावलेली. मागच्या सीटवर त्यांची बायको एनिफा, थोरली बहीण फानेसीच्या मांडीवर डोकं टाकून पडलेली. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, छाती घरघरत होती.

"मलेरिया आहे," पाद्रीबुवा म्हणाले. "सलाइन लावा. प्रार्थना मी सुरू केलीच आहे."

"केव्हापासून होतंय, बाई?" लोझिनाने विचारलं.

"काल संध्याकाळी ती जरा थकल्यासारखी..."

"प्रश्न बाईला विचारलाय."

"तिला बोलवत नाही. मी सांगतोय ना."

"तुम्हाला कुठे दुखतंय, पाद्रीबुवा?"

रांगेतल्या बायका खाली माना घालून हसल्या. लोझिनाने एनिफाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. पापणी वर केली, तर बाहुली मोहरीएवढी. गालाचा स्नायू आपोआप फडफडत होता. मलेरियात हे होत नाही.

"काय घेतलं हिने? गोळी, मुळी, औषध?"

"माझ्या घरात झाडपाल्याला थारा नाही," पाद्रीबुवा छाती काढून म्हणाले.

या माणसापुढे कुणी तोंड उघडणार नाही हे तिला कळलं. "हिची आरोग्याची वही घेऊन या घरून," ती म्हणाली. "वहीशिवाय दाखल करता येत नाही." ही थाप होती. पण पाद्रीबुवा सुटल्यासारखे गाडीकडे गेले.

फानेसीने बहिणीच्या अंगावरचं ब्लँकेट घट्ट धरलं होतं. त्याला लसणासारखा उग्र वास येत होता.

"ताई, हा वास कसला?"

"त्यांनी देवाची शपथ घातलीय, सिस्टर."

"देवाला मी बघून घेते. तू वासाचं सांग."

फानेसी रडायला लागली. "ढेकूण झालेत घरात. पुढच्या आठवड्यात बिशप मुक्कामाला येणार. पाद्र्याच्या घरी ढेकूण म्हणजे गावभर शोभा. तंबाखूच्या मळ्यातून फवारणीचं औषध आणून काल गादीवर ओतलं. स्वतः सोफ्यावर निजले. हिला म्हणाले, वाळलीय गादी, झोप."

"ढेकणांसाठी," लोझिना म्हणाली. पुढे काही बोलायला वेळ नव्हता. तिने डॉक्टर सोकोंना हाक मारली, "फवारणीचं विष, कातडीतून गेलंय, रात्रभर." हातमोजे चढवून तिने ब्लँकेट आणि कपडे उतरवून पिशवीत बांधले. दोन नर्सनी एनिफाला साबणाने डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. डॉक्टर विषावरच्या उताऱ्याची इंजेक्शनं एकामागून एक देत राहिले. दुपारी दोनच्या सुमाराला छाती मोकळी झाली.

पाद्रीबुवा वही घेऊन आले तेव्हा त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. फानेसीचा चेहरा पुरेसा होता.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "विषबाधा लिहा हवं तर. पण ते दुसरं..."

लोझिनाने लिहिलं आणि वही त्यांच्याच पुढे धरली. 'ढेकणांसाठी गादीवर कीटकनाशक ओतले. ओतणारा: नवरा.' पाद्रीबुवांनी वाचलं, कोटाचं वरचं बटण काढलं आणि बाकावर बसले. बायको कशी आहे हे तेव्हाही त्यांनी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी एनिफा बहिणीच्या घरी गेली. पंधरवड्याने फानेसी मक्याची कणसं घेऊन इस्पितळात आली.

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे त्यांनी साक्ष दिली, सिस्टर. म्हणे प्रार्थनेने बायकोचा मलेरिया घालवला."

"टाळ्या पडल्या असतील."

"पडल्या ना. एनिफा गेलीच नव्हती. परत जायचं नावही काढत नाही."

"काढूही देऊ नकोस. आणि बिशप?"

"ते लॉजवर उतरले. म्हणाले, पाद्र्यांच्या घरी फार ढेकूण असतात."

लोझिना खुर्चीत मागे रेलून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.