ट्रॉलीचा हात

हेवी लायसन हातात आलं तेव्हा मला आनंद झाला नाही. शिसारी आली. शिकवणीच्या गाडीत केबिनमध्ये आम्ही सात माणसं कोंबलेली असायचो, निम्म्यांच्या तोंडात गुटखा. ज्याच्या त्याच्या वाट्याला रस्त्याचा एक तुकडा, तोही सरळ. परीक्षेच्या दिवशीही गाडी थोडी पुढं गेली, थांबली, मी उतरलो आणि पास झालो. मागं घ्या असं मला कुणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. जन्मभर उसाची ट्रॉली ओढलेला माणूस मी, मला कोण काय शिकवणार, अशी माझी समजूत.

ट्रॅक्टर पोरानं विकला आणि तो पुण्याला गेला. चल म्हणाला. मी म्हणालो, तू जा. पोराच्या खोलीत कोपरा धरून बसणं मला जमणार नव्हतं. दोनच यत्ता शिकलोय, पण हात चालतात, डोळे चालतात. डॉक्टरनंही तसं लिहून दिलं. म्हणून या वयात मोठ्या गाडीचं लायसन काढलं.

अडचण एकच होती. आमची म्हातारी खुब्यात मोडलेली. दिवसा शेजारची सून येऊन बघायची, पण रात्री तिला उठवायला, बसवायला माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणजे मला काम पाहिजे ते जवळचं. नळदुर्ग, अणदूर, उमरगा, लई झालं तर सोलापूर. दिवस मावळला की घरी. एवढंच मागणं होतं माझं, आणि एवढ्यासाठी काय काय बघावं लागलं ते सांगतो.

आधी खडीच्या क्रशरवर गेलो. तिथला सुपरवायझर खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. लायसन उलटंपालटं करून म्हणाला, "बाबा, तुमच्यापेक्षा लायसन लहान आहे की."

"हात जुना हाय," मी म्हणालो.

"मग हात बघू."

आमच्याकडं नव्या ड्रायव्हरचा हात बघतात. मालक शेजारी बसतो, एक फेरी मारायची, बस. या पठ्ठ्यानं मला दिवसभर टिप्परवर ठेवलं. ब्रेक असा की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग पाय ठेवायचा. सीट फाटलेली, आतला काथ्या टोचायचा, पायापाशी कुणाकुणाच्या पिचकाऱ्या वाळलेल्या. संध्याकाळी उतरलो तर म्हणाला, "हात चांगलाय. उद्या कळवतो."

"आणि आजच्या रोजाचं?"

"ट्रायलचा कुठं रोज असतोय, बाबा?"

उद्या कळवलं नाही. परवा मीच गेलो. टिप्परवर अणदूरकडचा एक नवा माणूस बसलेला, लायसन शर्टाच्या खिशातून वर दिसत होतं. त्याचा हात बघणं चालू होतं. पलीकडं पानाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला हसला. "त्यांच्याकडं पगारी ड्रायव्हर न्हाईच की. लायसनवाले काय, रोज नवे निघतात." ऊस गाळून चिपाडं टाकावीत तशी माणसं वापरत होता तो. माझं तोंड कडू झालं. त्या नव्या माणसाला मी हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला घेतलं न्हाय म्हणून जळताव व्हय, मामा?" मी परत फिरलो.

मग हायवेवरच्या ढाब्यावर गेलो. तिथं गाड्या थांबतात, कुणाला ना कुणाला ड्रायव्हर लागतो असं ऐकलं होतं. बाजेवर चारपाच ड्रायव्हर पडलेले. त्यांच्यातला उस्ताद माझ्या पोराच्या वयाचा. त्याला सांगितलं, लोकल गाडी असेल तर सांगा.

"चाचा, लायसन तो कागद है. गाडी कागद से नै चलती. पैले क्लीनरी करना पडता."

"ट्रॅक्टर चालवलाय मी. जन्म गेलाय."

"वो खेत में चलता. अच्छा, सामने का काच पोंछो, देखते हैं."

मी पुसली. फडकं त्याचंच, तेलकट, कुबट वासाचं. पाणी मागून घेतलं आणि काच अशी केली की आभाळ दिसावं. किडे चिकटलेले होते ते नखानं काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, तुम्हारा क्लीनर तो अंदर खाना खा रहा." आणि बाज हसायला लागली. गाडी हैदराबादची, लाईनची, म्हणजे लांबच्या पल्ल्याची. लोकलचं त्याच्याकडं काहीच नव्हतं. नुसती गंमत.

मी वाकलो, रस्त्याकडंची मूठभर माती उचलली आणि त्याच ओल्या काचेवर मारली. "घ्या," म्हणालो, "जशी होती तशी करून दिली." उस्ताद उठला होता, पण दुसऱ्यानं त्याला धरलं. बुजुर्ग है, जाने दे, म्हणाला. त्या बुजुर्ग शब्दाचीही मला किळस आली.

घरी म्हातारीनं विचारलं, "मिळालं का ओ कुठं?"

"बघतोय."

"पुण्याला जाऊ म्हणलं तर ऐकताव थोडंच."

मी भाकरी थापायला घेतली. ती पडून माझ्या भाकरीला नावं ठेवत होती. ते बरं होतं, निदान ती दुसऱ्या कशाचं विचारत नव्हती.

शेवटी नळदुर्गात एका आडत्याकडं गेलो. सोयाबीन, तूर, उडीद खेड्यांतून गोळा करायचं, गोदामात टाकायचं, भरलं की सोलापूरला न्यायचं. घरात कानडी बोलणारा माणूस, कपाळाला भस्म. म्हाताऱ्या माणसाला अज्जा म्हणायची त्यांची रीत. त्याला मी आधीच सांगितलं, फुकट हात दाखवणार नाही आणि रात्री बाहेर राहणार नाही.

"इथं रात्रीची गाडी कुणाला पाहिजे, अज्जा," तो म्हणाला. "गोदामाच्या दाराला मागून लावून दाखवा. तेवढंच."

तेवढंच. सहाचाकी गाडी, मोकळी. दार माझ्या उजव्या हाताला. हमाल पोत्यांवर बसून बघत होते. मी आरशात बघितलं, रिव्हर्स टाकला आणि स्टेअरिंग डावीकडं फिरवलं.

ट्रॉली मागं घेताना तसंच करावं लागतं. शेपूट उजवीकडं न्यायचं तर ट्रॅक्टरचं स्टेअरिंग आधी डावीकडं फिरवायचं. जन्मभर हाताला तेच माहीत. पण ट्रकला ट्रॉली नसते. ट्रकचं शेपूट डावीकडं गेलं, मी आणखी डावीकडं ओढलं, आणि मागचा फाळका पत्र्याच्या शेडच्या खांबावर जाऊन बसला. वरून धूळ आणि पारव्यांची घाण माझ्या काचेवर पडली.

हमालांचा मुकादम ओरडला, "आज्या, ट्रॉली घरी ठिवून आलाव का?"

सगळे हसले. मी उतरलो. खांब वाकला होता. मला वाटलं, सरळ रस्त्याला लागावं, मागं वळून बघू नये. लायसनचीच लाज वाटली. ज्यांनी दिलं त्यांची, ज्यानं घेतलं त्याची.

आडत्या खांबाकडं बघून आला. "पुढं घ्यायला हात कसाय?"

"पुढं काही अडचण न्हाय."

"मग पुढं तुम्ही न्या. मागं घ्यायच्या वेळी उतरा, मुकादम लावंल."

"त्याच्याकडं लायसन हाय?"

"न्हाय," आडत्या म्हणाला. "पण त्याला मागं घेता येतं."

आणि मी ते काम धरलं. घरी दिवेलागणीला पोचायचं होतं, म्हणून धरलं. रोज खेड्याखेड्यांतून गाडी भरून आणायची, गोदामापुढं थांबवायची, लायसनवाल्यानं खाली उतरायचं आणि बिनलायसनवाल्यानं वर चढायचं. मी मागं उभा राहून हात हलवायचो, येऊ द्या, येऊ द्या. मुकादम मुद्दाम विचारायचा, "येऊ द्यू ना, उस्ताद?" रोज. एक दिवस चुकला नाही. इतका कंटाळा, इतका तिटकारा मला कशाचा आला नाही. अंग जळायचं.

दुपारी हमाल भाकरी खायला बसले की मी मोकळी गाडी मार्केटच्या मैदानात न्यायचो. मागं घ्यायचो, थांबायचो, पुन्हा पुढं. हात ऐकायचा नाही. डोकं उजवीकडं म्हणायचं आणि हात डावीकडं जायचा. मी त्याला मोठ्यानं शिव्या द्यायचो. एकदा वजनकाट्यावरचा माणूस बघत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारा फिरलाय. किती दिवस गेले कोण जाणे. सोयाबीन संपून तुरी यायला लागल्या होत्या.

मग एका दिवशी मुकादम बहिणीच्या पोरीच्या लग्नाला गेला. गाडी भरून आणली तर लावायला कुणी नाही. हमाल म्हणाले, उद्या बघू. रिकामी गाडी मी घरी न्यायचो, पण मालाची न्यायची नाही असं आडत्याचं सांगणं. उद्या म्हणजे गाडी इथं सोडून मला पायी जावं लागणार, शेवटची एस.टी. गेलेली. आणि म्हातारी तिकडं एकटी.

मी खाली उतरलोच नाही. रिव्हर्स टाकला. उजवीकडं फिरवलं, सावकाश. आरशात दार आलं. वाकलेला खांब बाजूनं गेला. चाक उंबऱ्याला टेकलं तेव्हा मी ब्रेक दाबला.

कुणी बघितलं का ते कळलं नाही. एक हमाल डोक्यावर पोतं घ्यायला वाकून म्हणाला, "फाळका उघडा की, अज्जा. वेळ व्हतोय." मी उघडला. पोती उतरली.

रिकामी गाडी घेऊन दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. हात धुतले, तरी वास गेला नाही. म्हातारीच्या पायाला तेल चोळायला बसलो.

"डिझेलचा घाण वास मारतोय तुमच्या हाताला," ती म्हणाली.

"मारू दे," मी म्हणालो. "दुसरा पाय दे इकडं."