आधी माझं सांगते

सुनंदा कोणालाही प्रश्न विचारायच्या आधी स्वतःचं उत्तर देऊन टाकायची. समोरची पोर टँकरच्या रांगेत असो की चुलीपुढं, ही शेजारी फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "आधी माझं सांगते, मग तुझं इचारते."

दिंद्रुडजवळच्या तिच्या वस्तीवर आमच्या संस्थेनं मुलींना सोबत घेऊन अभ्यास सुरू केला होता. विषय मुलींनीच निवडला. आपल्या मैत्रिणी शाळा का सोडतात, हे त्यांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. पाऊस हुकला की घरंच्या घरं साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात. तिथं नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. म्हणून निघायच्या आधी भराभर लग्नं उरकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नवरीला कोणी काही विचारलं नव्हतं.

लग्न तुझ्या मनानं झालं का, हा प्रश्न सुनंदाचा. तो विचारण्याआधी ती ठरलेलं सांगायची, "माझं झालं न्हाई अजून. व्हईल तवा माज्या मनानंच व्हईल." अभ्यास करणाऱ्यानं आपलं मत सांगू नये, असं मी तिला परोपरीनं बजावलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. "फुकट कोन सांगन, ताई? आपन आधी थोडं द्यावं लागतंय." आणि मुली तिला खरंच सांगायच्या. काही जणी रडायच्या, मग हीही त्यांच्यासोबत रडायची.

पुढच्या वर्षी मृगही कोरडा गेला आणि आर्द्राही. सुनंदा बारावीला होती, नुकतीच अठरा पुरी झालेली. तिचे आईवडील कारखान्यावर निघाले. मी तिच्या वडिलांना भेटायला गेले, वसतिगृहाचं बोलले. ते रागावले नाहीत. "जागा न्हाई म्हनले तिथं. मागं पोरीला कुनाच्या भरवशावर ठिवू, ताई?" आठवड्यात लग्न झालं आणि सुनंदाचाही कोयता झाला. त्या हंगामात वस्तीवर जायला माझा पाय उचलत नसे.

चैत्रात ती माहेरी आली, तीच आमची शेवटची भेट. हात काळवंडले होते, हसणं तेवढं जुनं होतं. अभ्यास आता आमच्या मुलींमधली सगळ्यांत धाकटी, रेखा करत होती. ती सुनंदाशेजारी बसली आणि घाईघाईत तिनं एकदम प्रश्नच विचारला, लग्न तुझ्या मनानं झालं का?

"आधी तुझं सांग," सुनंदा म्हणाली.

रेखानं पाठ केल्यासारखं सांगितलं, "माझं झालं न्हाई अजून. व्हईल तवा माज्या मनानंच व्हईल."

सुनंदानं तिच्या वेणीची सुटलेली रिबीन नीट बांधली. मग हळूच म्हणाली, "मी बी आसंच सांगत व्हते."