शिंदीचे क्रूस

शिंदीचं पातं मधोमध वर दुमडलेलं असतं, पन्हळीसारखं. नारळाचं नेमकं उलट. प्राचार्य सलोमी वाघचौरे हातातल्या पात्याकडे पाहतेय आणि दुपारच्या गुंगीत ती पन्हळ रुंदावत चाललीय. चॅपलमागच्या खोलीत तिच्यासमोर टोपलीभर पाती आहेत. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. अंगणातल्या शिंदींच्या पात्यांचे क्रूस वळायचे, ही कॉलेजची पहिल्यापासूनची रीत.

पुढच्या वर्षी शिंदी नसतील. विद्यापीठाला तिथून रस्ता काढायचाय. बैठकीत सलोमी गप्प बसली, आणि तोच होकार धरला गेला.

"शेवटची घडी अजून चुकतेच का गं तुझी?"

समोर आढावबाई बसल्यात. तिच्या आधीच्या प्राचार्य, तिला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांच्या मातीला सलोमी स्वतः उभी होती.

"बाई, तुम्ही कधी आलात?"

"मी गेले कुठं होते? टोपली सरकव इकडं."

टोपली सरकते ती भोजनगृहाच्या लांब टेबलावर. हे भोजनगृह विद्यापीठाने केव्हाच घेतलंय, तरी मुली ताटांपाशी उभ्या राहून प्रार्थना म्हणताहेत. बाई उठतात. आता दोघी कुंपणाच्या भिंतीपाशी आहेत. ती भिंतही कधीची पाडलीय, पण उन्हाने तापलेली आहे.

"आपण आधीचे," बाई भिंतीवर हात ठेवतात. "विद्यापीठ मागून आलं, आपल्याभोवती वाढलं. भिंत मागितली, मी दिली. म्हटलं, भिंतच तर आहे. मग भोजनगृह मागितलं. म्हटलं, जेवायचं काय, कुठंही जेवता येतं."

सलोमीला मान वर करवत नाही. "मी मनात म्हटलं, झाडंच तर आहेत."

"बघ. वर्गात माझं एक ऐकलं नाहीस, आणि उचललंस ते नेमकं हे."

बाई तिची बोटं धरतात. "आडवं पातं मागच्या बाजूनं घे. घाई नको. हं, आता ओढ."

दार वाजतं. सलोमी टेबलावरून डोकं उचलते. दारात ऑफिसातले थॉमसराव, हातात मोबाईल.

"मॅडम, विद्यापीठातून फोन आहे. सोमवारी झाडं तोडायला माणसं पाठवू का, विचारताहेत."

तिच्या मुठीत क्रूस आहे. पुरा वळलेला, शेवटची घडी घट्ट बसलेली. ही घडी तिला आजवर एकदाही जमलेली नाही.

ती दुसरा हात पुढे करते. फोन कानाला लावते.

"प्राचार्य वाघचौरे बोलतेय. त्या दिवशी मी काहीच बोलले नव्हते. आता सांगते. शिंदी आम्ही देणार नाही."