रोज सुटा होणारा दिवा

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे: पुरुष, वय सत्तरीच्या पुढे, बांधा सडपातळ, उंची चारचौघांत हरवेल इतकी. डाव्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याची जुनी खूण. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, सदऱ्याच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर. व्यवसाय: विजेच्या घरगुती उपकरणांची दुरुस्ती, सध्या बंद. वैवाहिक स्थिती: विवाहित. वर्तणूक: चांगली. व्यसन: नाही. कुठला पदार्थ कशाला चिकटतो यावर तासन्‌तास बोलणे हे व्यसन धरल्यास, एक.

लोक त्यांना पक्के म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. तार जोडली, पेच आवळला, पंखा एकदा फिरवून पाहिला की ते फडक्याला हात पुसत म्हणायचे, "आता पक्कं." वर्षानुवर्षं हेच ऐकून गिऱ्हाइकांनी त्यांना ते नाव बहाल केलं आणि तेही त्यांच्या इतर जोडकामासारखं पुन्हा निघालं नाही. त्यांच्या हातून गेलेली वस्तू परत बिघडत नसे. धंद्याच्या दृष्टीने याहून मोठी चूक नाही. शेजारच्या गाळ्यातला चप्पल शिवणारा जास्त शहाणा होता, तो टाके बेताने घालायचा. त्याचा गाळा अजून चालू आहे. पक्क्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यांची बायको, म्हणजे काकू, ह्या दुसऱ्या टोकाच्या. काकू काहीही टाकत नसत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण, दोऱ्याचं रिकामं रीळ, पॉलिशची डबी, फाटक्या पडद्याची किनार, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, लेकीच्या लहानपणीच्या दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. रिळं खिडकीखालच्या खणात, झाकणं आकारानुसार बुटांच्या खोक्यात, पावडरीच्या डब्यात बटणं. त्यावर पांघरूण म्हणून एकच वाक्य: "लागेल कधीतरी." पक्के त्याला भंगार म्हणत. काकू विचारत, "आणि तुमच्या दुकानात काय, सोनं विकता?" या मुद्द्यावर दोघांचा संसार चाळीसहून जास्त वर्षं व्यवस्थित चालला.

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव लांबलचक होतं आणि उपाय आखूड. वस्तू मात्र काकू विसरल्या नाहीत. समोरच्या बाईला ओळखणार नाहीत, पण तिच्या पर्सची साखळी तुटली तर तिसऱ्या खणातून अचूक तशीच कडी काढून देतील. माणसं आधी गेली, झाकणं राहिली.

माणसांमध्ये पक्केही गेले. ते कधी गेले हे त्यांना नेमकं सांगता येत नाही. एवढंच लक्षात आलं की काकू त्यांना "अहो" म्हणेनाशा झाल्या. कधी "ऐकलंत का" म्हणायच्या, कधी नुसत्याच बघायच्या, कधी पाणी दिल्यावर बसमध्ये जागा दिलेल्या माणसाचे मानावेत तसे आभार मानायच्या. सगळ्यांत वाईट वेळ दिवेलागणीची. ट्यूब लावली की खिडकीच्या काचेत खोली उमटायची, आणि त्या खोलीत दोन म्हातारी माणसं दिसायची. काकू घाबरायच्या. पिशवीत एक टॉवेल आणि कंगवा भरून दाराशी उभ्या राहायच्या. म्हणायच्या, मला घरी सोडा, उशीर झालाय, घरी वाट बघत असतील. वाट बघणारा माणूस कडी लावून दारालाच पाठ टेकून उभा असायचा.

ट्यूब बंद केली तर अंधाराची भीती, लावली तर काचेतल्या माणसांची. म्हणून पक्क्यांनी मऊ उजेडाचा दिवा करायचं ठरवलं. हत्यारं सोडली तर गाळ्यातलं सामान कधीच विकलं होतं, तेव्हा हात आपोआप काकूंच्या खणांकडे गेले. आयुष्यभर ज्याला भंगार म्हटलं, ते त्यांनी त्या दुपारी चोरासारखं एकेक करून बाहेर काढलं. तळाला पावडरीचा डबा, त्यावर रिळांची उतरंड, मधून तार, वर छोटा बल्ब. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, शिवून त्यांची टोपी केली आणि तिच्या कडेला पडद्याची किनार लावली. बरणीच्या काचेचं एक जाड बूड होतं, ते उजेड खाली पसरावा म्हणून बल्बाखाली बसवलं. हे सगळं त्यांनी नुसतं रबरबँडने आणि दोऱ्याने बांधलं. आधी उजेड कसा पडतो ते बघू, मग पक्कं करू, असा विचार.

संध्याकाळी ट्यूबऐवजी तो लावला. दुधाच्या पिशवीतून येणारा उजेड दुधासारखाच, साय धरल्यासारखा. काचेत काही उमटलं नाही. काकू दाराशी गेल्या नाहीत. दिव्यासमोर येऊन बसल्या आणि बराच वेळ निरखत राहिल्या. मग त्यांनी डब्याच्या झाकणावर बोट ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझ्या बटणांच्या डब्याला हात कोणी लावला?"

पक्क्यांनी मान खाली घातली.

"आणि बटणं कुठे टाकलीत? तुम्हाला सतरांदा सांगितलंय, माझ्या खणात हात घालायचा नाही. स्वतःचं दुकान धड ठेवता येत नाही, निघाले माझं घर आवरायला."

माणसाला बोलणी खाताना रडू येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पक्क्यांना ते वेगळ्या कारणाने आलं, पण काकूंना ते कळायचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, आता रडून काय उपयोग, बटणं शोधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दिवा सोडवला. दोरे कापले नाहीत, गाठी उकलल्या, कारण दोराही लागतो कधीतरी. रिळं खणात, किनार घडी करून कपाटात, बटणं डब्यात. सगळं जिथल्या तिथे. दुपारी त्या झोपल्यावर पक्क्यांनी पुन्हा सगळं काढलं आणि पुन्हा दिवा बांधला. संध्याकाळी पुन्हा "अहो," पुन्हा बोलणी. सकाळी पुन्हा दिवा सुटा.

असं चालू झालं. आयुष्यभर पक्कं जोडणारा माणूस आता ढिलं जोडायला शिकला, आणि ते त्याला मुळीच सोपं गेलं नाही. बोटं सवयीने शेवटचा पीळ द्यायला जायची, तो आवरावा लागायचा. गाठ अशी हवी की संध्याकाळभर टिकेल आणि सकाळी काकूंच्या नखाने सुटेल. कधी बल्बाची तार काकूंना ओढता येऊ नये म्हणून वर गुंडाळून ठेवायची, कधी टोपी मुद्दाम वाकडी बसवायची, म्हणजे काकू "साधं सरळही लावता येत नाही" म्हणतील. वरच्या मजल्यावरची बाई एकदा दळण आणून द्यायला आली, म्हणाली, काका, रोज नवा दिवा दिसतो, दुकान पुन्हा काढलंत की काय? पक्के म्हणाले, "काढलंय. गिऱ्हाईक एकच आहे, पण रोज येतं." इतक्या वर्षांत त्यांच्याकडे वस्तू परत घेऊन येणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

दिवसातली ती एक वेळ सोडली तर काकूंसाठी ते कोणीच नव्हते. सकाळी चहा देणारा कोणी, दुपारी गोळी देणारा कोणी. संध्याकाळी मात्र एका झाकणापायी त्यांचा नवरा परत यायचा. पक्के दिवसभर त्या बोलण्यांची वाट बघायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नवरा बायकोची बोलणी खायला आतुर आहे, असं सांगणार कोणाला?

लेकीलाही सांगितलं नाही. इथेच चुकलं.

लेक महिन्यातून एकदा यायची, दोन दिवस राहायची, घर घासून पुसून, वडलांना रागावून परत जायची. त्या खेपेला ती सकाळी उठली तेव्हा काकू दिवा सोडवत बसल्या होत्या आणि प्लग भिंतीतच होता. आदल्या संध्याकाळी पक्के तो काढायला विसरले होते. लेकीने धावत जाऊन बटण बंद केलं आणि मग स्वयंपाकघरात वडलांना गाठलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. म्हणाली, बाबा, तुम्ही जन्मभर लोकांच्या घरची वीज सांभाळलीत, आणि आपल्या घरात आईच्या हातात उघडी तार. दिवा छान आहे, मला आवडला, पण हा रोजचा खेळ कशाला? तिला तेवढंच काम लागतं म्हणून असेल, तर मी तिला मणी आणून देते ओवायला. दिवा एकदाचा पक्का करून टाका.

पक्के म्हणू शकले असते की प्लगची आठवण मी ठेवीन. म्हणू शकले असते की बॅटरीवर चालवतो. खरं कारण म्हणू शकले असते. पण झटका बसला असता हे खरं होतं, विसरलो हेही खरं होतं, आणि त्या घरात विसरणाऱ्या माणसांची संख्या वाढणं परवडणारं नव्हतं. शिवाय लेकीने उच्चारला तो शब्द त्यांचा स्वतःचा होता. इतके दिवस आवरून धरलेली बोटं खुशीने तयारच झाली. जित्याची खोड ती.

दोन नळ्यांतला डिंक एकत्र कालवून त्यांनी रिळं एकमेकांवर बसवली. डब्याला झाकण सोल्डर केलं. किनार टोपीला चिकटवली, टोपी तारेच्या कड्यावर शिवून गाठीवरही डिंकाचा थेंब सोडला. काचेच्या बुडाच्या कडेने त्यांनी इतका सुबक डिंक फिरवला की जोड शोधून सापडू नये. दिवा देखणा झाला. लेकीने मोबाइलवर फोटो काढला. पक्क्यांनी फडक्याला हात पुसले आणि त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं.

संध्याकाळी काकू दिव्यासमोर बसल्या. झाकणावर बोट ठेवलं. ओढून पाहिलं. रीळ फिरवून पाहिलं. किनारीखाली नख घातलं. काहीच हाताला येईना. त्यांनी हात मागे घेतला, दुकानात महागाची वस्तू चुकून हाताळल्यावर घेतात तसा.

"छान केलाय," त्या पक्क्यांना म्हणाल्या. "तुमचा आहे का?"

एवढ्या संसारात काकूंनी त्यांच्या कामाची तारीफ केली ती ही पहिली वेळ. पक्के हो म्हणाले.

"बायकोला आवडत असेल."

लेक म्हणाली, बघा, किती शांत बसलीय. दुसऱ्या दिवशी ती गेली. काकू शांतच होत्या. दिवा शांतपणे जळत होता. काकू खणही उघडेनाशा झाल्या, कारण खणात आता काही परत ठेवायचं नव्हतं. पक्क्यांशी त्या फार अदबीने वागू लागल्या. जेवताना त्यांना आधी वाढायच्या, पाहुण्याला वाढतात तसं.

काही दिवस पक्क्यांनी वाट पाहिली. मग एका दुपारी, काकू झोपल्यावर, ते दिवा सुटा करायला बसले. डिंक उष्णतेने सुटतो म्हणून गरम पाण्यात धरला. सुटला नाही. सोल्डर वितळवलं तर झाकण काळं पडलं, आणि काळं झाकण कुठल्या डब्याचं हे काकूंना कसं कळणार? पातळ पट्टी घालून रिळं वेगळी करू पाहिली, तर रिळाचे तुकडे पडले, जोड तसाच राहिला. बाजारात इतकी वर्षं ज्या कामाची साक्ष लोकांनी दिली, ते काम आता त्यांच्यासमोर होतं आणि ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी हातोडी घेतली. निदान काचेचं बूड आणि किनार अखंड मिळेल एवढाच हिशेब होता. किनार फाटली आणि बूड फुटलं.

आवाजाने काकू उठून आल्या. जमिनीवरचा पसारा पाहिला. पक्के मधोमध बसलेले होते. त्यांनी घाईने ते काळं झाकण उचलून काकूंच्या समोर धरलं.

"हे बघ," ते म्हणाले. "बटणांच्या डब्याचं. मी काढलं. तुला न विचारता काढलं."

काकूंनी झाकण हातात घेतलं, उलटंपालटं केलं. पक्के मान खाली घालून थांबले.

"असेल," काकू म्हणाल्या. "बाजूला व्हा बरं, काच आहे, तुमच्या पायाला लागेल."

त्यांनी झाडू आणला, सुपली आणली. काच, रिळांचे तुकडे, किनारीच्या चिंध्या, पिशव्यांची टोपी, सगळं नीट गोळा केलं, कोपऱ्यातला बारीक चुराही सोडला नाही. झाकण वर ठेवलं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं.

सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा डबा खाली पक्क्यांनीच नेला.