पंखा बंद केल्यावर

ओट्यावर धुऊन ठेवलेल्या दोन ताटल्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. मी हौसेने मुक्ताला हाक मारली, "ये, तुझी ती ओढ बघ!"

आमची लेक फिजिक्समध्ये पीएचडी करते. निर्वात पोकळीत दोन गुळगुळीत पत्रे अगदी जवळ आणले, की मधल्या रिकामपणामुळेच ते एकमेकांकडे ओढले जातात. ती ओढ मुक्ता मोजते.

"बाबा, हे पाणी आहे," ती हसली. "आधी पाणी, धूळ, वीज, सगळी कारणं काढून टाकायची. तरीही ओढ उरली, तर ती माझी."

रिकामं म्हणजे काहीच नाही, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

ती हॉस्टेलवर परतली. सोफ्यावर आम्हा दोघांच्या मधे तिची जागा असायची. आता तिची आई सरकून माझ्या शेजारी बसते. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "इथे पंख्याचा वारा चांगला लागतो."

कारण पटण्यासारखं होतं. पण लेकीची शिकवण आठवली. मी उठलो, पंखा बंद केला आणि परत येऊन बसलो.

"वेड लागलंय का तुम्हाला? किती उकडतंय!" असं म्हणत ती पदराने वारा घेत राहिली. जागची मात्र हलली नाही.